आडनावाला मत, म्हणे!

कन्नड विधानसभेचा विषय निघाला की छत्रपती संभाजीनगरच्या सुशिक्षित बैठकीत ठरलेला हशा पिकतो. नवरा विरुद्ध बायको, सासरा आणि जावई, माजी आमदाराचा मुलगा, माजी केंद्रीय मंत्र्याची मुलगी! एवढी पात्रं असल्यावर मालिका कशाला बघायची? हशा ओसरला की मग निदान येतं. घराणेशाही पुढाऱ्यांमुळे टिकत नाही, ती मतदारामुळे टिकते. खेड्यातला माणूस काम बघत नाही की जाहीरनामा वाचत नाही. तो आडनाव बघतो आणि बटण दाबतो. मग जे पदरात पडतं ते त्याच्या लायकीचंच असतं.

हे निदान फार सोयीचं आहे. दोष एकदा मतदाराच्या माथी मारला की बाकी कोणालाही जाब विचारायची गरज उरत नाही, आणि सांगणारा आपोआप शहाणा ठरतो. पण ते खरं असेल तर निदान कन्नडमध्ये तरी खरं ठरायला हवं. घराण्याचं इतकं ठसठशीत उदाहरण मराठवाड्यात सहज सापडणार नाही. तेव्हा हशा बाजूला ठेवून तिथल्या निकालांचे कागदच उघडावेत.

रायभान जाधव हे कन्नडचे आमदार होते. त्यांच्यामागे ही जागा सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी तशी मुलाच्या नावावर झाली का? नाही झाली. मध्ये दुसरे आमदार होऊन गेले आणि हर्षवर्धन जाधव यांना विधानसभेत पोहोचायला २००९ साल उजाडावं लागलं. तेही राज ठाकरे यांच्या जेमतेम साडेतीन वर्षांच्या पक्षाचं रेल्वे इंजिन घेऊन. मनसेचे त्या वर्षी राज्यात तेरा आमदार आले. मुंबई, कल्याण, नाशिक आणि पुण्याच्या कडेचं खडकवासला एवढ्यात बारा जागा संपतात. उरलेली तेरावी, मराठवाड्यातली एकुलती एक, कन्नडची. जो मतदार लकीरचा फकीर म्हणून हिणवला जातो, त्याने मराठवाड्यात बाकी कोणीच उघडलं नाही ते दार उघडून दाखवलं होतं. त्याचं कौतुक त्या वेळी कोणाच्या बैठकीत झालं?

२०१४ मध्ये तेच जाधव शिवसेनेचे उमेदवार झाले आणि पुन्हा निवडून आले. समोर राष्ट्रवादीचे उदयसिंग राजपूत होते आणि ते अगदी थोडक्या मतांनी हरले. पुढे पाच वर्षांनी बाजू उलटली. जाधव अपक्ष आणि राजपूत शिवसेनेचे. राजपूत जिंकले. म्हणजे बापाचं नाव तेच, मुलगा तोच, तालुका तोच, शिवाय दोन वेळा आमदारकी केल्याची ओळख जमेला. तरी हार. आडनावाला मत पडतं म्हणणाऱ्यांनी हा निकाल कुठल्या कप्प्यात ठेवला आहे?

खरी गंमत २०२४ मध्ये झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मतपत्रिकेवर दोन जाधव होते. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून संजना जाधव आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव. आडनाव एक, घराणं एक, रायभान जाधवांशी नातं दोघांचंही. एकाचं लेकाचं, दुसरीचं सुनेचं. आडनावच मत देत असेल तर ही लढत बरोबरीत सुटायला हवी होती, किंवा पोटच्या मुलाचं पारडं जड व्हायला हवं होतं. झालं असं की संजना जाधव यांना ८४,४९२ मतं पडली, हर्षवर्धन जाधव यांना ६६,२९१. अठरा हजारांचा फरक. प्रयोगशाळेतही इतका स्वच्छ प्रयोग मांडता येत नाही. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे, त्याने निकालातला फरक कसा काय पडेल? आठवीच्या मुलाला कळणारी गोष्ट राजकीय विश्लेषकांना कळू नये, याचंच नवल.

मग फरक कशाने पडला? २०१४, २०१९, २०२४ हे तीन निकाल एकाखाली एक लिहून काढावेत. विजेते तीन वेगळे. एक जाधव, मग राजपूत, मग पुन्हा जाधव, पण वेगळ्या. चिन्ह मात्र तिन्ही वेळा धनुष्यबाण. २०२२ च्या फुटीत जिल्ह्यातल्या सेनेच्या सहा आमदारांपैकी पाच शिंदेंबरोबर गेले, एकटे राजपूत उद्धव ठाकऱ्यांकडे थांबले. धनुष्यबाण शिंदेंकडे गेला, राजपूतांच्या हाती मशाल आली आणि २०२४ मध्ये विद्यमान आमदार असूनही ते तिसऱ्या क्रमांकावर गेले.

इथे विरोधक लगेच कूस बदलतात. ‘म्हणजे मतदार आडनावाचा नसेल, चिन्हाचा तरी गुलाम आहेच की!’ तेही टिकत नाही. २००९ मध्ये याच मतदाराने धनुष्यबाण ओलांडून इंजिन निवडलं होतं. २०१९ च्या लोकसभेला औरंगाबादेत धनुष्यबाणावर चार वेळचे खासदार चंद्रकांत खैरे उभे होते आणि ते ४,४९२ मतांनी पडले. इम्तियाज जलील निवडून आले. त्या निवडणुकीत ट्रॅक्टर चिन्हावर उभ्या असलेल्या अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी २,८३,७९८ मतं घेतली. पक्ष नाही, मोठा नेता पाठीशी नाही, आणि पावणेतीन लाखांच्या वर मतं. ही कुठल्या आडनावाची पुण्याई? कन्नड हा त्या मतदारसंघाच्या सहा तुकड्यांपैकी एक. गंगापूर, वैजापूरच्या किंवा शहरातल्या मतदाराने रायभान जाधवांच्या नावासाठी ट्रॅक्टर शोधून काढला असं मानायचं का?

त्या मतांचं उत्तर २०१८ च्या जुलैत आहे. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं, कायगाव टोक्याला एका तरुण आंदोलकाने गोदावरीत उडी घेऊन जीव दिला होता आणि त्याच आठवड्यात जाधवांनी आरक्षणासाठी आमदारकीचा राजीनामा जाहीर केला. लोकांनी त्या भूमिकेला मत दिलं. भूमिकेचा ताप उतरला तशी मतंही उतरली. सहा महिन्यांत घरच्या विधानसभेत हार, आणि २०२४ च्या लोकसभेला तेच जाधव पुन्हा अपक्ष उभे राहिले तेव्हा मतं चाळीस हजारांच्या आसपास आली. पावणेतीन लाखांवरून चाळीस हजार! पाच वर्षांत आडनाव काही बदललं नव्हतं.

अजून एक पळवाट उरते, माहेरची. संजना जाधव या रावसाहेब दानवे यांच्या कन्या. तेव्हा ‘जाधव नसेल तर दानवे’ जिंकले, असं म्हणायचं. पण कन्नड दानवेंच्या जालना लोकसभेत मुळात येतच नाही. आणि दानवे हे नाव इतकं जादूचं असतं तर ती जादू आधी जालन्यात चालली असती. १९९९ पासून सलग पाच वेळा तिथून निवडून गेलेले, केंद्रात मंत्री राहिलेले, भाजपचं प्रदेशाध्यक्षपद भूषवलेले दानवे २०२४ च्या जूनमध्ये काँग्रेसचे कल्याण काळे यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी पडले. संजना जाधवांचा विजय त्यानंतर साडेपाच महिन्यांचा. बापाला घरच्या मैदानात जे नाव तारू शकलं नाही, ते लेकीला शेजारच्या तालुक्यात तारून गेलं म्हणे! तिकडे भोकरदनला संतोष दानवे तिसऱ्यांदा निवडून आले हे खरं. पण एकच नाव एकाच वर्षात एका ठिकाणी पडतं आणि दुसरीकडे निवडून येतं, तेव्हा कारण नावाच्या बाहेर शोधावं लागतं.

नाव अगदीच बिनकामाचं असतं, असा दावा कोणी करू नये. नावामुळे पहिल्या सभेला माणसं जमतात, कार्यकर्त्यांची जुनी वही हाती येते, तहसीलमधला बाबू फोन उचलतो. नवख्याला हे सगळं शून्यातून उभं करावं लागतं. एवढं मान्य. पण ही सोय उमेदवाराची झाली. त्यावरून मतदार लाचार कसा ठरतो?

आता त्या ‘घरगुती भांडणा’कडे. २०२४ ची निवडणूक वाहिन्यांनी पती विरुद्ध पत्नी अशीच विकली. २०२० मध्ये हर्षवर्धन जाधवांनी राजकारणातून बाहेर पडत असल्याचं सांगून पत्नीचं नाव वारस म्हणून घेतलं होतं, आणि चार वर्षांनी दोघं आमनेसामने. मसाला आयताच होता. दोघांच्या घरात काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मतदानकेंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याशी काय करायचं होतं? त्याच्यापुढे औट्रम घाट होता.

हा घाट एकदा नीट बघावा. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग कन्नडवरून चाळीसगावकडे उतरतो तो इथून. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसात दरडी कोसळल्या, रस्त्यावर दगडमातीचे ढीग आले आणि वाहनं अडकून पडली. २०२३ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाटात बंदी आहे. खानदेशाकडे निघालेल्या मालट्रकने मग देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव असा वळसा घालायचा. डिझेल वाढतं, भाडं वाढतं, आणि ते भाडं मक्याच्या नाहीतर अद्रकीच्या भावातून वजा होतं. बोगद्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. या प्रश्नावर किती वाहिन्यांनी अर्धा तास दिला? पती-पत्नीवर किती दिला? आणि वर पुन्हा म्हणायचं की तालुक्यातल्या लोकांना प्रश्नांचं सोयरसुतक नाही!

साखर कारखान्याचंही तेच. कन्नड सहकारी साखर कारखाना शेतकऱ्यांच्या शेअरवर उभा राहिला, कर्जात बुडाला, राज्य सहकारी बँकेने लिलावात काढला आणि तो बारामती अ‍ॅग्रोकडे गेला. २०२४ च्या मार्चमध्ये ईडीने त्या मालमत्तेवर टाच आणली. ही कंपनी ज्यांची, त्या आमदार रोहित पवार यांनी आरोप फेटाळले आहेत आणि खरंखोटं न्यायालयात ठरेल. पण घराण्यांवर बोलायचंच असेल तर कन्नडच्या सभासदाचा कारखाना बारामतीच्या कंपनीकडे कसा गेला, या वाटेने बोलता आलं असतं. त्यात विनोद नाही, म्हणून बैठकीत तो विषय निघत नाही.

तिसरा आरोप सर्वांत तुच्छतेचा. हा म्हणे मागासलेपणाचा रोग. शिक्षण वाढेल, शहरं वाढतील तसा जाईल. मग दक्षिण मुंबई हा कुठल्या मागास तालुक्याचा भाग आहे? तिथून मुरली देवरांनंतर मिलिंद देवरा २००४ मध्ये खासदार झाले तेव्हा कुलाबा आणि मलबार हिलचं साक्षरतेचं प्रमाण घसरलं होतं का?

आणि युरोपातलं आयर्लंड? सगळे शिकलेले, देश श्रीमंत. तिथे २००८ ते २०१७ या काळात लागोपाठ झालेले दोन पंतप्रधान बघा. ब्रायन कावन १९८४ मध्ये वडिलांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत चोविसाव्या वर्षी संसदेत गेले. एंडा केनी १९७५ मध्ये वडिलांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत, तेही चोविसाव्या वर्षी. एक फियाना फॉलचे, दुसरे फाइन गेलचे. तेव्हाचे परस्परांचे कट्टर विरोधी पक्ष, आणि वारस नेमण्याची रीत एकच. आपल्याकडे वडिलांच्या पश्चात प्रीतम मुंडे यांना बीडमध्ये उभं केलं की ‘सहानुभूतीची लाट, भावनिक मतदार’ असे अग्रलेख पडतात. केनींचा मेयो परगणा मात्र परिपक्व लोकशाही!

त्याच आयर्लंडात केनींनंतर पंतप्रधान कोण झालं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. लिओ वराडकर. वडील डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आई आयरिश परिचारिका. राजकीय घराणं नाही. २०१७ मध्ये पक्षनेतेपदासाठी त्यांच्यासमोर होते सायमन कोव्हनी. हेही वडील ह्यू कोव्हनी यांच्या निधनानंतर १९९८ च्या पोटनिवडणुकीतून आलेले. पक्षाच्या घटनेत मतांचं वजन ठरलेलं होतं: संसदीय पक्षाला ६५ टक्के, सामान्य सदस्यांना २५, नगरसेवकांना १०. वराडकर जिंकले. सामान्य सदस्यांत कोव्हनी पुढे होते, सुमारे ६५ टक्के मतं घेऊन. इथे टीकाकार टाळी मागतील, ‘बघा, सामान्य माणूस घराण्याकडेच गेला!’ जाऊ दे की. कोव्हनी मंत्री होते, कामाचा माणूस म्हणून त्यांची ओळख होती. मुद्दा असा आहे की सदस्याला विचारलं गेलं, त्याचं मत मोजलं गेलं, कोणत्या गटाने कोणाला किती मतं दिली हे जाहीर झालं, आणि घराण्याबाहेरचा माणूस त्याच उघड नियमांनी जिंकला.

आणखी एक फरक आहे, त्याकडे कोणी बघत नाही. तिथे एका मतदारसंघातून तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जातात. वराडकर २००७ मध्ये डब्लिन वेस्टमधून निवडून आले तेव्हा त्याच मतदारसंघातून ब्रायन लेनिहानही आले, जे स्वतः १९९६ मध्ये वडिलांच्या जागेवर आलेले. घराण्याला त्याची जागा आणि नवख्याला त्याची. आपल्याकडे जागा एक, पक्षाचं तिकीट एक. ते घरात गेलं की बाकी तालुक्याला दार बंद.

ते दार लावतो कोण? २९ ऑक्टोबर २०२४ हा विधानसभेसाठी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. पक्षाचा उमेदवार व्हायचं तर दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर ए-बी फॉर्म पोहोचावा लागतो. एका कागदावर, उमेदवार ठरवायचा अधिकार कोणाला ते पक्ष कळवतो; दुसऱ्यावर तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव देतो. सही शाईची लागते, छापील चालत नाही. महाराष्ट्रातली निम्मी लोकशाही या दोन कागदांत असते, आणि त्यांवर मतदाराची सही कुठेच नसते. त्याच्यासमोर यंत्र येतं तेव्हा निवड होऊन गेलेली असते. हॉटेलात एकच भाजी शिजवायची आणि गिऱ्हाईक तीच मागतं म्हणून त्याच्या जिभेला नावं ठेवायची, असा हा प्रकार.

शंका असेल त्याने मतदाराने पाडलेल्या घराण्यांचं पुढे काय झालं ते बघावं. मिलिंद देवरा दक्षिण मुंबईत २०१४ आणि २०१९ असे दोनदा पडले. २०२४ मध्ये शिंदेसेनेने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. बारामतीत २०२४ मध्ये दोन्हीकडे पवार घराणंच होतं. सुनेत्रा पवार ४ जूनला हरल्या आणि त्याच महिन्यात राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. पंकजा मुंडे २०१९ मध्ये परळीत आणि २०२४ मध्ये बीड लोकसभेत हरल्या; जुलैत विधान परिषद, डिसेंबरात मंत्रिपद. त्यांच्यातली कोणी कर्तबगार नाही असं नव्हे. पण मतदार नको म्हणाला आणि पक्ष म्हणाला, ‘तुझं काय विचारतोय?’ घराणी कोण जगवतं ते यातून कळत नसेल तर कशातून कळेल?

घराणं नव्याने कसं घडतं हे बघायचं तर पैठणला जावं. संदिपान भुमरे साखर कारखान्यातल्या साध्या नोकरीतून वर आले. त्यांच्या पाठीशी वाडा नव्हता की वडिलांची आमदारकी. पाच वेळा आमदार, २०२४ मध्ये खासदार. जागा मोकळी झाली आणि पक्षाने तिकीट कोणाला दिलं? विलास भुमरे यांना, त्यांच्या मुलाला. ते निवडून आले. आता वीस वर्षांनी कोणीतरी म्हणेल, पैठणचे लोक आडनाव बघून मत देतात.

कन्नडच्या मतदाराने पंधरा वर्षांत नवा पक्ष निवडला, तोच आमदार वेगळ्या चिन्हावर पुन्हा निवडला, मग घरी बसवला, त्याच्या जागी घराण्याबाहेरचा आणला, त्यालाही घरी बसवलं, आणि एकाच आडनावाच्या दोघांतून एक निवडलं. यापेक्षा जास्त त्याने काय करायचं होतं? ए-बी फॉर्म त्याच्या हातात नव्हता. ज्यांच्या हातात होता त्या महायुती आणि महाविकास आघाडीतल्या प्रत्येक पक्षाने सांगावं: उमेदवार ठरवताना कन्नड, पिशोर, चिंचोली लिंबाजी, नाचनवेलच्या किती शाखाप्रमुखांना, किती बूथ कार्यकर्त्यांना विचारलं, त्यातल्या किती जणांनी कोणाचं नाव घेतलं, आणि तो आकडा अजून तालुक्याला का कळवलेला नाही?